रात्री डुक्कर मारायला येणाऱ्या शूरवीरांसाठी मोफत मार्गदर्शन

भुईमूग काढणीला आला की आमच्या पाटण भागात रात्रीच्या दोन जमाती शिवारात उतरतात. एक रानडुकरं, आणि दुसरी शहरातनं गाडी काढून आलेले शिकारी. डुकरांना सांगून उपयोग नाही, म्हणून दुसऱ्या जमातीसाठी लिहितोय. परवा अशीच एक टोळी आमच्या रानात पायधूळ झाडून गेली, त्यांचाच आदर्श समोर ठेवून.

सगळ्यात आधी, मालकाला विचारायचं नाही. सातबारा त्याच्या नावावर असला म्हणून काय झालं, रात्री जमीन सगळ्यांचीच असते. झोपू द्या बिचाऱ्याला. (तो झोपलेला नसतो. माळ्यावर राखण करत असतो, नाहीतर रात्रपाळीची लाईट आलीय म्हणून मोटर चालू करायला विहिरीवर गेलेला असतो. पण तुम्हाला कशाला त्रास.)

मिलिटरी छापाचे कपडे घाला आणि वरनं भरपूर डिओ मारा. डुकराला दिसतं कमी पण वास लय लांबनं येतो, त्यामुळं तुम्ही ओढा ओलांडायच्या आत त्याला कळतं पाव्हणं आलं म्हणून.

अभ्यास पाहिजे असेल तर टेक्सासचे व्हिडिओ बघा. तिथं थर्मल दुर्बिणी, हेलिकॉप्टरमधनं गोळीबार, सगळी हौस. तिथली डुकरं बाहेरनं आणलेली आणि मोकाट सुटलेली, ती इथली नव्हतीच कधी असं त्यांचं सरकारच म्हणतं, आणि 2019 पासनं खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं मारायला शिकारीचं लायसनही लागत नाही. ‘मालकाच्या परवानगीनं’ हा शब्द आला की व्हिडिओ पुढं ढकला. आपलं रानडुक्कर इथलंच, 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसतं, पिकाची नासाडी होते म्हणून मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, पण असली रटाळ माहिती रीलमध्ये चालत नाही.

आता मुख्य टिप. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले की झाडायची गोळी. विचार करायचा नाही. फक्त एक बारीक गोष्ट आहे, डुकराचे डोळे तसे चमकतच नाहीत. गाईचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात, उदमांजराचे, बिबट्याचे, गव्याचे चमकतात, ज्याच्या डोळ्याच्या मागं तो उजेड परतवणारा पडदा आहे त्याचे चमकतात, आणि डुकराला तो पडदाच नसतो. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर नेम धरलाय ती बहुतेक माझी बांधलेली म्हैस आहे. आणि माणसाचेही डोळे चमकत नाहीत हो, म्हणजे उसाच्या कडेनं काहीतरी काळं हललं आणि डोळे चमकले नाहीत, तर ते डुक्कर असेल नाहीतर पाणी पाजायला आलेला माझा भाऊ असेल. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्यातलाच एक माणूस डुक्कर समजून मारला आणि मग बॉडी लपवली. ती सगळी जंगलाच्या सवयीची माणसं होती. तुम्ही तर हिंजवडीतनं आलाय, तुमचा नेम काय चुकणार.

डुक्कर जखमी झालं तर मागं जाऊ नका, घरी जा. ते उसात जाऊन बसतं, सकाळी भांगलायला आलेल्या बायकांना सापडतं.

मटणाचे वाटे घालताना फोटो जरूर टाका. मेलेलं जनावर कायद्यानं सरकारचं असतं आणि शिकारीला वापरलेली गाडीसुद्धा सरकारजमा होते, पण तुमचे फॉलोअर वाढतात ना.

गाडीवरनं आठवलं. बांधावर गाडी लावून चालत येणं गावंढळ लोकांचं काम, तुम्ही सरळ भुईमुगातच घाला. परवाच्यांनी तेच केलं. डुकरांनी दोन वाफे उकरले होते, वेल उलटे, शेंगा चावून चोथा थुंकलेला, ते बघून बायको गप्प बसली होती. ह्यांनी त्याच्या शेजारच्या उभ्या पिकातनं गाडी वळवली, ठिबकच्या नळ्या चाकाखाली फाटल्या, मेन पाईप चेपली, आणि एवढं करून डुक्कर एक नाही मेलं. बांधावर बाटल्या, कुरकुऱ्याची पाकिटं आणि चार रिकामी काडतुसं. आता ती काडतुसं सापडली की वनरक्षक कुणाच्या दारात येणार? तुमच्या फ्लॅटवर? डुकराच्या नासाडीचा तरी पंचनामा होतो, तलाठी, कृषी सहायक ह्यांच्या मागं फिरून का होईना. तुमच्या नासाडीचा कुठला फॉर्म भरू मी?

बास झालं आता मार्गदर्शन. डुकरांचा त्रास आम्हाला आहे, तो आम्ही भोगतोय, पिकाभोवती साड्या बांधल्या, कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलं, रात्र रात्र डबे बडवले. परवानगी काढून, गावाला सांगून, वनखात्याची माणसं बरोबर घेऊन कोण येणार असेल तर चहा मी पाजीन. पण मौजमजेला येणाऱ्यानं माझ्या रानात पाय ठेवायचा नाही. पोरं-बाळं रात्री ह्याच रानात फिरतात आमची, जरा तरी लाज वाटू द्या. पुढच्या खेपेला गाडीचा नंबर लिहून घेणार आणि सरळ पोलिसात देणार, कुणाचा भाचा आणि कुणाचा मेव्हणा ते तिथं सांगा. आणि परवाच्या टोळीतला कोण हे वाचत असेल तर आधी पाईपचे पैसे आणून दे.