एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: बॉल पायथनची अडकलेली कात आणि थर्मोस्टॅट

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुमच्या बॉल पायथन सापाची कात तुकड्यातुकड्यांत निघाली, डोळ्यांवरच्या चकत्या (कातीबरोबर निघणारे पारदर्शक खवले) तशाच राहिल्या, शनिवारी तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले आणि ते मी थेट सोमवारी सकाळी पाहिले. मनापासून माफी मागतो. शनिवार-रविवार दुकानात गर्दी असते, पण तेवढा वेळ तुम्हाला ताटकळत ठेवायला नको होतं.

मात्र "३,२०० रुपयांचा थर्मोस्टॅट गळ्यात मारला आणि त्यानेच साप वाळवला" हे वाक्य जिव्हारी लागलं. त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला गरम करणं थांबवणारं यंत्र, मला २,७५० ला पडतो. ऑनलाइन स्वस्त दिसतो हे खरं आहे, पण वर्षभरात बिघडला तर दुकानातला बदलून देईन, असं तुमच्या बिलामागे मी हाताने लिहून दिलंय. बिल काढून बघा. आणि तुम्ही तो नको म्हणाला असता तर मी हीट मॅटही (टँकच्या काचेखाली ठेवायची, विजेवर गरम होणारी चटई) विकली नसती, हे त्या दिवशी काउंटरवर बोललो होतो. मॅट थेट प्लगला लावली की तिला थांबवणारं कुणी नसतं. दुकानात टेंपरेचर गनने मोजलं तेव्हा मॅटवरची काच ४६ अंशांवर गेली होती. साप अशा काचेवर पडून राहतो, वेळेत बाजूला होत नाही, आणि पोटाचे खवले भाजतात. असा एक साप बघितल्यापासून मी थर्मोस्टॅटशिवाय मॅट देत नाही.

आता तुमचाच फोटो. त्यात डाव्या कोपऱ्यात एक काळी वायर टँकच्या बाहेर फळीवर पडलेली दिसते. तोच थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर. मी स्वतः तो मॅटच्या बाजूला आत, काचेवर चिकटवून दिला होता. टँक पुसताना सुटला असेल, मुद्दाम कुणी काढला असं माझं म्हणणं नाही. पण खोलीत एसी २२ वर, थर्मोस्टॅट ३२ वर लावलेला, आणि प्रोब एसीच्या हवेत. त्याला २२ च दिसणार. अजून गार आहे असं समजून त्याने मॅट दिवसरात्र चालू ठेवली आणि तळाचा नारळाचा भुसा भाजल्यासारखा कोरडा झाला. यंत्र बिघडलेलं नव्हतं, सर. तुम्ही आणून दिलंत तेव्हा तुमच्यासमोरच लावून दाखवलं, ३२ ला मॅट बंद झाली.

हा साप पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा. तिथे तो उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहतो, जिथे ऊबही असते आणि ओलही. म्हणून गरम बाजू ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७ आणि आर्द्रता ५५ ते ७० टक्के लागते. डोळे निळसर झाले, म्हणजे कात जवळ आली, की अजून थोडी जास्त. पुण्यात मे महिन्यात दुपारी बाहेरच आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, त्यात एसी उरलीसुरली ओल ओढून घेतो. म्हणूनच झाकणाच्या जाळीचा पाऊण भाग मी ॲक्रिलिकने झाकून दिला होता. साप गुदमरेल म्हणून तुम्ही तो काढलात. काळजीपोटी काढलात, पण उरलेली पाव जाळी हवेला पुरते.

स्प्रेबद्दलही लिहिलंय की मीच दिवसातून चारदा मारायला सांगितलं. मी मारू नका म्हणालो होतो. स्प्रेने वरचा थर भिजतो, तासाभरात वाळतो, आणि सतत ओल्या भुशावर बसून पोटाचे खवले सडतात. त्यापेक्षा कोपऱ्यांतून कपभर पाणी ओतायचं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा राहतो. हे मी घाईत बोललो असेन, कागदावर द्यायला हवं होतं. तेवढी चूक माझी.

सोमवारी तुम्ही त्याला घेऊन आलात. कोमट ओल्या टॉवेलमध्ये तासभर ठेवल्यावर अंगावरची सगळी कात आणि डाव्या डोळ्याची चकती निघाली. उजवीला मी हात लावला नाही, कारण ओढली तर खालच्या डोळ्याला इजा होते. त्याचे पैसे घेतले नाहीत. यातलं काहीच रिव्ह्यूमध्ये आलं नाही, याचं वाईट वाटलं.

आमच्या धंद्याकडे लोक आधीच संशयाने बघतात. साप म्हटलं की पहिला प्रश्न, बेकायदेशीर तर नाही ना? देशी साप आम्ही ठेवत नाही, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आमच्या परदेशी प्राण्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद आहे, तुमच्या सापाचीही. एवढं सांभाळून चालवलेल्या दुकानावर "लुटतात" असं कायमचं लिहिलेलं राहिलं तर नवीन माणूस पायरी चढत नाही, आणि दोन पोरांचे पगार याच गल्ल्यातून जातात.

यापुढे सेटअपबरोबर मराठीत छापलेला कागद देऊ, प्रोब जास्त पक्का बसवू, सुट्टीच्या दिवशीच्या मेसेजचंही काहीतरी बघतो.

प्रोब परत बसवायला मी घरी येतो, पैसे नकोत. तोवर मॅटचा प्लग काढून ठेवा, एसी २६ वर ठेवा आणि ॲक्रिलिक परत लावा. उजव्या डोळ्याची चकती पुढच्या कातीबरोबर निघाली नाही, तर घरी कुणालाही ओढू देऊ नका, सरळ दुकानात घेऊन या. गुरुवारी दुकान बंद असतं, पण मी वरच राहतो, हाक मारा.