हलकेपणा मोजायचा तर काम सुरू असताना मोजा

विंडोज १०ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागत असल्यामुळे नागपुरातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधले, झेरॉक्सच्या दुकानांतले आणि घरोघरचे जुने संगणक लायनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या हलक्या रूपांकडे वळू लागले. तेव्हापासून इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. हलक्या प्रणालीची पुढची आवृत्ती कशी असावी याचे उत्तर त्यात एका आकड्यात दिलेले आहे: संगणक सुरू झाल्यावर, काहीही न उघडता, दोनशे एमबीहून जास्त रॅम भरता कामा नये. त्यासाठी मागे चालणारे सगळे ‘फालतू’ प्रोग्राम, छपाईची सेवा आणि भारतीय भाषांच्या सोयी काढाव्यात, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेच्या नादी लागू नये आणि ३२ बिट प्रोसेसरचे जुने संगणक सोडू नयेत, असे त्याचे म्हणणे आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण या यादीप्रमाणे काम झाले, तर आकडा सुधारेल आणि वापरणाऱ्याचे हाल मात्र तसेच राहतील.

मुळात हा आकडाच फसवा आहे. लायनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही; डिस्कवरून एकदा वाचलेले ते तिथे साठवून ठेवते आणि दुसऱ्या कोणाला जागा लागली की लगेच सोडून देते. ही जागा ‘वापरलेली’ धरायची की नाही, हे प्रत्येक साधन आपापल्या परीने ठरवते. त्यामुळे दोन प्रणालींचे दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून केलेली तुलना पुष्कळदा दोन मोजपट्ट्यांची तुलना असते. शिवाय काहीही न उघडता संगणकाकडे बघत कोणी बसत नाही. चार टॅब उघडलेला ब्राउझर सहज एक जीबीच्या पुढे जातो, आणि मग डेस्कटॉपने वाचवलेले शंभर-दीडशे एमबी कुठे गेले ते कळतही नाही. एक जीबी रॅमच्या संगणकावर तेवढ्यानेही फरक पडतो, हे मान्य.

उबुंटू या लायनक्सचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. २२.०४ या आवृत्तीपासून लुबुंटू या हलक्या रूपासह उबुंटूच्या सगळ्या रूपांत फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप या दाबून बांधलेल्या पॅकेजच्या रूपात येऊ लागला. संगणक रिकामा असतानाच्या रॅमवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, म्हणजे संदेशातल्या कसोटीप्रमाणे प्रणाली होती तेवढीच हलकी राहिली. पण साध्या हार्ड डिस्कवर ब्राउझर पहिल्यांदा उघडायला इतका वेळ लागू लागला, की चिन्हावर पुन्हा पुन्हा क्लिक करणारे लोक दिसू लागले. पुढे त्या पॅकेजची दाबण्याची पद्धत एक्सझेडवरून, कमी दाबणाऱ्या पण झटकन उलगडणाऱ्या एलझेडओवर नेली तेव्हा उघडण्याचा वेळ बराच उतरला. पॅकेज डिस्कवर फुगले, तरी प्रणाली वापरायला हलकी झाली.

मागे चालणारे प्रोग्राम सरसकट काढा, हा सल्ला तर थेट नुकसान करणारा आहे. दोन जीबी रॅमच्या संगणकावर सरकारी पोर्टल, एक स्कॅन केलेली पीडीएफ आणि लिबरऑफिस एकाच वेळी उघडले की काय होते, हे नागपूरच्या महाल भागातल्या कोणत्याही टायपिंग क्लासमध्ये बघता येईल. बाण जागच्या जागी थिजतो, डिस्कचा दिवा विझत नाही, विद्यार्थी कळा बडवतो आणि शेवटी पॉवरचे बटण दाबून धरतो. अर्धा भरलेला अर्ज गेला. रॅम संपल्यावर कर्नल तिच्यातली पाने, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, डिस्कवर टाकू लागते आणि फिरणारी डिस्क त्या गतीला पुरी पडत नाही, हे त्यामागचे कारण. यावरचे दोन्ही उपाय काही काढण्याचे नाहीत, घालण्याचे आहेत. पहिला झेडरॅम, जो न लागणारी पाने डिस्कवर न टाकता रॅममध्येच दाबून ठेवतो. ती साधारणपणे निम्म्याहून कमी जागेत मावतात. तो २०१४पासून मुख्य कर्नलमध्ये आहे आणि फेडोरा या लायनक्सने २०२०मध्ये ३३व्या आवृत्तीपासून तो आपोआप चालू ठेवला. दुसरा अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्राम, जो रॅम संपत आली की सगळ्यात जास्त जागा अडवणारी प्रक्रिया वेळीच बंद करतो. एखादा टॅब मरतो, पण संगणक हातात राहतो. संदेशातल्या व्याख्येत हाच प्रोग्राम ‘फालतू’ ठरतो! माझ्या मते पुढच्या आवृत्तीच्या यादीत या दोघांना पहिली जागा मिळाली पाहिजे.

छपाईच्या सेवेबद्दल फार लिहायला नको. ही सेवा, म्हणजे कप्स, मागणी आल्यावरच सुरू होईल अशी मांडणी करता येते. त्यासाठी ती काढून टाकण्याचे कारण नाही.

भाषेच्या सोयींचे वजन किती, हे संदेश लिहिणाऱ्याने तपासलेले दिसत नाही. देवनागरी जोडाक्षरे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी इंग्रजी अक्षरांसाठीही लागतेच. भाषा काढली म्हणून ती जात नाही. लोहितसारखा देवनागरी फॉन्ट डिस्कवर एक एमबीसुद्धा घेत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत एका कळीला बहुतेक एकच वर्ण असल्यामुळे ती मांडणी कीबोर्डच्या साध्या तक्त्यातून चालते आणि तिच्यासाठी मागे वेगळा प्रोग्राम लागत नाही. आयबससारखी सेवा लागते ती रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना, आणि ती निवडीनुसार सुरू करता येते. खरी सुधारणा वेगळ्याच ठिकाणी हवी आहे. इन्स्टॉल करताना मराठी निवडूनही इनस्क्रिप्ट आपोआप जोडली जात नसेल, किंवा ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आडवा रफार फॉन्टमध्ये तुटत असेल, तर तो दोष नोंदवून, चाचणीच्या यादीत घालून आवृत्ती निघण्यापूर्वी दुरुस्त व्हायला हवा.

वेलँड म्हणजे नुसता थाट, हेही आता टिकत नाही. कमी ताकदीच्या बोर्डांसाठी असलेल्या रास्पबेरी पाय ओएसने ऑक्टोबर २०२४मध्ये वेलँडवर चालणारे लॅबडब्ल्यूसी स्वीकारले आणि त्याच वर्षी एलएक्सक्यूटी या हलक्या डेस्कटॉपच्या २.१ आवृत्तीत वेलँडचे सत्र आले. दोन्हींत वेलँडऐवजी जुनी एक्स११ व्यवस्था निवडण्याची सोय आहे, आणि हलक्या प्रणालीने सध्या तसेच करावे.

आणखी एक, संदेशात नसलेली गोष्ट. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा धूळ भरलेल्या पंख्याचा आणि वाळलेल्या थर्मल पेस्टचा संगणक तापून स्वतःची गती उतरवतो आणि शिव्या नव्या प्रणालीला बसतात. पॅनेलवर तापमान दाखवणारे चिन्ह सुरुवातीपासून दिसत असेल, तर निम्मी तक्रार दुकानापर्यंत जाणारच नाही.

राहिला ३२ बिटचा मुद्दा. डेबियन या लायनक्सच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत, क्रोमने ३२ बिट लायनक्स २०१६मध्येच सोडले आणि फायरफॉक्सची त्यासाठीची शेवटची नियमित आवृत्ती १४४ ठरली. ब्राउझरच मिळणार नसेल, तर नुसती प्रणाली जिवंत ठेवून अर्ज भरता येत नाही. त्यातच आपण ३२ बिट समजतो ते बरेच संगणक तसे नसतात. २००६मध्ये आलेला कोअर २ ड्युओही ६४ बिट आहे, फक्त त्यावर त्या काळी ३२ बिट विंडोज टाकलेली असे. एलएससीपीयू ही आज्ञा दिली की दुसऱ्या ओळीत प्रोसेसर काय काय चालवू शकतो ते लिहून येते. ॲटम एन२७०सारख्या खरोखर ३२ बिट असलेल्या नेटबुकांसाठी डेबियन १२वर बेतलेले अँटीएक्स २३ हे हलके लायनक्स उपलब्ध आहे. दोन-चार स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाने त्यापुढे आपले हात तिथे अडकवू नयेत, आणि इन्स्टॉलरने ६४ बिट प्रोसेसर आहे की नाही हे स्वतःच तपासून वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे.