मिरची मेक्सिकोची असेल, ठेचा आपलाच

आषाढी एकादशीला सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मजकूर पुन्हा आला. मोठा उपवास असला की तो कुठून ना कुठून येतोच. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वडापावातला बटाटा पेरू देशातला, पाव पोर्तुगीजांचा, मिरची मेक्सिकोची, साबुदाणा ब्राझीलचा. पोर्तुगीज आले नसते तर मराठी माणूस आजही बेचव भाकरी खात बसला असता. अस्सल म्हणावी अशी आपली फक्त ती भाकरी. उपवासाचं ताट तर अख्खं परदेशी, म्हणजे ही परंपराच बनावट. आणि शेवटी सल्ला: जे आपल्या मातीतलं नाही ते आपल्या शरीराला मानवत नाही, सोडून द्या.

नववीतला पुतण्या तेव्हा खिचडी खात होता. त्याने मजकूर वाचला, चमचा ताटलीत ठेवला आणि विचारलं, "काकू, मग आपलं असं काहीच नाही का गं?" प्रश्न मनापासून होता. त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

मजकुरातली बरीच माहिती खरी आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला. मिरची, टोमॅटो, मका, काजू, पपई, सीताफळ, अननस हे सगळं अमेरिका खंडातलं. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. दोनशे वर्षांच्या शेजारात झाडं आली तसे शब्दही आले. बटाटा, पाव, काजू, अननस हे शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतले. यात लपवण्यासारखं काही नाही. माझं भांडण या माहितीतून काढलेल्या निष्कर्षांशी आहे.

"साहित्य परदेशी, म्हणून पदार्थ परदेशी." हा त्यातला पहिला, आणि याच्यावरच बाकीचे उभे आहेत. यातला साबुदाण्याचा दाखला मुळात अर्धवट आहे. आज तो ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, हे बरोबर. पण पिठाचे गोल दाणे पाडायची रीत आग्नेय आशियातली. तिथे ताडासारख्या एका झाडाच्या गाभ्यातून पीठ काढून ते दाणे करत, आणि आपला 'साबू' हा शब्द मलय भाषेतल्या 'सागू'चाच. दुसऱ्या महायुद्धात तिकडून माल येणं बंद झालं तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्यापासून साबुदाणा करायचा धंदा जोर धरू लागला. आज आपल्या डब्यात असतो तो बहुतेक तिकडचाच. म्हणजे कंद एका खंडातला, कृती दुसरीकडची, कारखाना तिसरीकडे. यातलं 'मूळ' नेमकं कशाला म्हणायचं?

आणि खिचडी? ती यांतल्या कुठल्याच जागी होत नाही. ती कशी होते ते पाहा. रात्री साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, पिठूळपणा गेला पाहिजे. मग पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने ठेवायचं. सकाळी एक दाणा चिमटीत दाबून पाहायचा. तो मेणासारखा चिरडला तर भिजला, मध्ये कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास झाकून ठेवायचा. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं पाखडायची, कूट जाडसर ठेवायचं. ते कूट, मीठ आणि किंचित साखर साबुदाण्याला आधीच चोळून ठेवायची, म्हणजे दाणा दाण्याला चिकटत नाही. तुपात जिरं, मिरची, बटाट्याच्या पातळ फोडी, त्या शिजल्या की साबुदाणा. एकच हलकी वाफ. पांढरा दाणा काचेसारखा दिसू लागला की लगेच गॅस बंद, नाहीतर गोळा झालाच म्हणून समजा. हे सगळं ज्ञान कुठल्या जहाजातून आलेलं नाही. ते इथल्या बायकांनी चुकत-माकत, गोळे झालेल्या खिचड्या खाऊन कमावलं आहे. ब्राझीलमध्ये कसाव्याचं पीठ भाजून जेवणावर भुरभुरतात, त्याच्या पोळ्यासुद्धा करतात. दाण्याचं कूट चोळलेली खिचडी तिथे कुणाच्या घरची नाही.

मिरचीचंही तेच. शेतकऱ्याने चारशे-साडेचारशे वर्षं इथल्या मातीत बी निवडून निवडून लावलं, तेव्हा भिवापुरी झाली, संकेश्वरी झाली, लवंगी झाली. भिवापुरी मिरचीला तर भौगोलिक मानांकन आहे. कायद्यानेसुद्धा तिचं गाव भिवापूर मानलं आहे. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर तेल सोडून डाग पडेपर्यंत भाजायच्या, मीठ घालायचं आणि त्याच गरम तव्यात तांब्याच्या बुडाने रगडायचं. घरभर ठसका उठतो, खिडक्या उघडाव्या लागतात. त्या ठेच्याला मेक्सिकन म्हणणं म्हणजे तो रगडणाऱ्या हाताला मोजायचंच नाही असं ठरवणं. आणि हा नियम लावायचा तर सगळीकडे लावा. टोमॅटो युरोपात गेला तोही अमेरिकेतूनच, किमचीतली मिरचीसुद्धा तिथलीच. उसाच्या रसापासून कणीदार साखर करायची विद्या भारतातून जगात गेली, म्हणून युरोपातली सगळी मिठाई आपली, असा दावा आपण करत नाही. करूही नये.

वडापावाबद्दल फार लिहायची गरज नाही. बटाट्याला हळद, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, वर बेसन आणि तो पावात, ही जोडी मुंबईत जमली. 1966 च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी ती विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. गिरणीच्या पाळ्या आणि लोकलच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला एका हातात धरून उभ्याने खाता येईल असं पोटभरीचं काहीतरी हवं होतं. ही गरज लिस्बनची नव्हती.

"पोर्तुगीज आले नसते तर मराठी जेवण बेचव राहिलं असतं." या वाक्याने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण ते इतिहासाच्या अगदी उलट आहे. पोर्तुगीज इथे आलेच मुळात मसाल्यासाठी, आणि त्यातही मिऱ्यासाठी. त्यांच्या कितीतरी आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, सोपारा, कल्याण, चौल या आपल्या बंदरांचा पश्चिमेकडच्या देशांशी व्यापार होता. ज्या देशाच्या चवीसाठी लोक समुद्र ओलांडून आले, तिथलं जेवण त्यांच्यामुळे चविष्ट झालं, असं कसं म्हणायचं? मिरचीच्या आधी तिखटपणा मिऱ्याचा होता, पिंपळीचा होता, आल्याचा होता. 'मिरची' हे नावच मिऱ्यावरून पडलं आहे. नवी पाहुणी आली तेव्हा लोकांनी तिला घरातल्या जुन्या माणसाचं नाव दिलं. भुईमुगाचंही तसंच, जमिनीखाली लागणारा मूग.

लिखित पुरावा हवा असेल तर 'मानसोल्लास' आहे. कल्याणीचा (म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणचा) चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने हा ग्रंथ बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास रचला. त्याच्या राज्यात महाराष्ट्राचा मोठा भाग होता. त्यात वडे आहेत, मांडे आहेत, पोळ्या आहेत, भाजलेलं मांस आहे, आणि चवीला हिंग, मिरी, आलं, सैंधव आहे. मिरची नाही, बटाटा नाही, कारण ते अजून चार शतकं यायचे होते. ते जेवण बेचव होतं असं वाचून वाटत नाही. तोंडाला पाणी सुटतं.

ग्रंथसुद्धा बाजूला ठेवा. पुरणपोळीत अमेरिकेतलं काय आहे? उकडीच्या मोदकात? सोलकढीत, कुळथाच्या पिठल्यात, मेतकूट-भातात? गोड्या मसाल्यातलं दगडफूल, नागकेसर, कोकणातलं तिरफळ? या चवींना अमेरिकेची गरज कधी पडलीच नाही.

आमच्या घरात जुन्या स्वयंपाकाची एक जिवंत नोंद आहे, ती म्हणजे श्राद्धाचा स्वयंपाक. त्या दिवशी बटाटा नाही, टोमॅटो नाही, कोबी-फ्लॉवर नाही. अळूची भाजी, कारलं, भेंडी, गवार, आमसुलाची चटणी, खीर, वडे. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं की बटाटा का नाही. त्या म्हणाल्या, "आपल्या पूर्वजांना तो ठाऊक नव्हता गं, त्यांना कसा वाढायचा?" एवढ्या साध्या वाक्यात त्यांनी सगळं सांगितलं. पण त्याच ताटात तांबड्या भोपळ्याची भाजीही असते, आणि तांबडा भोपळा अमेरिकेतला आहे. तो इतका मुरला की परका होता हे पितरांच्या ताटाचे नियम पाळणाऱ्यांच्याही लक्षात राहिलं नाही. मला यात परंपरेचा खोटेपणा दिसत नाही. ती कशी वाढते ते दिसतं.

यावरूनच उपवासाच्या ताटाकडे येते. "साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, रताळं, राजगिरा परदेशी, म्हणून उपवास बनावट." यादी बरोबर आहे, आणि खिचडीतले चार मुख्य जिन्नस अमेरिकेतले आहेत हे मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं. पण उपवासाचा नियम काय होता? नेहमीचं धान्य त्या दिवशी खायचं नाही. कंद, फळं, दूध चालतं. बाहेरून आलेले कंद आणि दाणे त्या धान्यांच्या यादीत नव्हते, म्हणून ते फराळात बसले असावेत, असं मला वाटतं. नियम जुनाच राहिला, फक्त ताटातले जिन्नस वाढले. वरई त्याआधीही होती, आजही आहे, सुरण आहे, केळी आहेत. साबुदाणा पडद्याआड गेला तरी एकादशी अडणार नाही.

"अस्सल आपली फक्त भाकरी" असंही त्यात आहे. भाकरी माझीही लाडकी, पण ज्वारी आणि बाजरी या दोन्ही पिकांचं मूळ आफ्रिकेत आहे. ती साधारण चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली. आमटीतली चिंचही आफ्रिकेतलीच, आणि अरबांनी तिला दिलेलं नाव मात्र 'हिंदचा खजूर'. हरभरा पश्चिम आशियातला. तूर, कुळीथ, तीळ, वांगं ही भारताच्या बाजूची. मग परकं किती वर्षांनी आपलं होतं? चार हजार चालतात आणि साडेचारशे चालत नाहीत, ही रेघ कुणी मारली? मजकूर लिहिणाऱ्याने ती सांगितलेली नाही, कारण ती मारताच येत नाही.

आता शेवटचा सल्ला, "मातीतलं नाही ते मानवत नाही." हा नुसता चुकीचा नाही, त्रास होईल असा आहे. सुरण आणि अळू आपल्याकडचे किती जुने, तरी नुसते शिजवले तर घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. म्हणून तर आपण चिंच-आमसूल घालतो. विदर्भात धानाच्या बांधीत पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाणारी लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. याच कारणाने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. जुनं आणि इथलं म्हणून ते निर्धोक झालं नाही.

साबुदाण्याबद्दल तक्रार करायचीच तर खरी करा. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, प्रथिनं आणि चोथा नावापुरता. रक्तातली साखर वाढलेल्या माणसाने वाटीभर खिचडी खाऊ नये, हे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने. तो ब्राझीलचा आहे म्हणून नव्हे. आपल्या खिचडीत कूट भरपूर असतं, तेवढीच त्यात प्रथिनांची भर.

आणि मजकूर वाचून जे साबुदाणा सोडून सुटी भगर, म्हणजे वरई, आणायला निघालेत त्यांच्यासाठी कळकळीने सांगते. उपवासाच्या दिवसांत महाराष्ट्रात विषबाधेच्या ज्या बातम्या येतात त्या बऱ्याचदा भगरीच्या असतात. ती अगदी इथली, जुनी, पण दमट हवेत तिला आणि तिच्या पिठाला बुरशी लागते. सुटी भगर किंवा तयार पीठ घेऊ नका, बंद पाकिटातली तारीख पाहून घ्या, निवडून स्वच्छ धुवा, पीठ लागेल तेवढंच घरी दळा आणि शिजवलेली भगर दिवसभर ठेवून खाऊ नका.

पुतण्याला हे सगळं दोन संध्याकाळी सांगून झालं. कामिका एकादशीच्या आदल्या रात्री तो स्वतःहून स्वयंपाकघरात आला आणि साबुदाण्यावर पाणी किती ठेवायचं ते विचारायला लागला. मी त्याचंच बोट भांड्यात धरलं आणि दाण्यांच्या बरोबरीला टेकवलं.