माझी दुसरी बोअर

"तुमच्या गावात त्या पाण्याच्या संस्थेनं पाच वर्षांत नेमकं बांधलं काय?" परवा सोलापुरात पार्क चौकात चहा पिताना एका गृहस्थांनी विचारलं. एका कंपनीच्या सीएसआर विभागात, म्हणजे समाजकामाला पैसा देणाऱ्या विभागात आहेत. माणूस चांगला, प्रश्न सरळ. मी आठवत बसलो. बंधारा? नाही. शेततळं? नाही. ओढ्याचं खोलीकरण थोडं झालं, पण ते पंचायतीनं केलं. शेवटी म्हणालो, "बैठका घेतल्या." ते हसले. मीही हसलो, आणि घरी आल्यावर माझ्याच हसण्याचा राग आला. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. लांबलंय, सवडीनं वाचा.

गाव मोहोळ तालुक्यातलं. उजनीचा कालवा आमच्या शिवाराच्या खालच्या अंगानं जातो, आणि पाणी काही चढ चढत नाही. त्यामुळं कालव्याखालच्या पाव्हण्यांचा ऊस बघायचा, आणि आपण बोअर मारत राहायचं, हे आमच्याकडं तीस-चाळीस वर्षं चालू आहे. मी नोकरीनिमित्त सोलापुरात. जुळे सोलापुरात फ्लॅट, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. शनिवारी गावाकडं, रविवारी रात्री परत. सात एकर रान, त्यातलं चार एकर काळं, बाकी माळ. वाटेकरी बघतो. गावात मला सगळे 'सायेब' म्हणतात, त्यात आदर किती आणि टोमणा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं.

संस्था आली तेव्हा पहिल्या वर्षी सगळ्या संस्था करतात तेच तिनं केलं. टोप्या, टी-शर्ट, फ्लेक्स, आणि गावातल्या दहा जणांना 'जलदूत' म्हणून प्रमाणपत्र. मीही एक जलदूत. (प्रमाणपत्र अजून कपाटावर आहे.) मग एक पोरगा नेमला. अक्कलकोटकडचा, घरी कानडी, मराठी बोलताना नपुंसकलिंगावर फार प्रेम. दर गुरुवारी गाडीवरून यायचा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि पिशवीत एक टेप.

ही टेप म्हणजे त्या संस्थेचं आमच्या गावातलं सगळं भांडवल. पन्नास मीटरची साधी टेप, टोकाला एक स्टीलची छोटी वाटी उपडी बांधलेली. विहिरीत सोडायची. वाटी पाण्याला टेकली की 'डब्' असा आवाज येतो, तिथं बोट धरायचं आणि आकडा वाचायचा. महिन्यातून एकदा, चौदा विहिरी. समाजमंदिराच्या भिंतीवर काळा पट्टा रंगवला होता, त्यावर विहिरींची नावं आणि पुढं महिन्यांचे रकाने. आमची म्हातारी माणसं अजून परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात मोजतात, 'तीन परस पाणी हाय' असं. त्यांना फुटांचे आकडे पटायला वर्ष गेलं. पण भिंत वाचायला सगळे थांबायचे. दुसऱ्याच्या विहिरीत किती पाणी आहे हे कळण्यात जी मजा आहे ती पेपर वाचण्यात नाही.

पहिल्या मोठ्या बैठकीत पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता. प्रत्येकानं उठून सांगायचं: विहीर किती, बोअर किती, किती फूट, मोटर किती एचपीची, पीक काय. मी उठलो आणि म्हणालो, "एक विहीर, एक बोअर."

बोअर दोन होत्या.

दुसरी चारशेऐंशी फुटांची, माळाला, डाळिंबासाठी मारलेली. का लपवली? खरं सांगायचं तर कारण काहीच नव्हतं. कुणी दंड करणार नव्हतं. भूजल कायदा आहे, त्यात 60 मीटरच्या, म्हणजे जवळपास 200 फुटांच्या पुढची विहीर ती खोल विहीर, तिच्यावर बंधनं आहेत. आमच्याकडं 200 फुटांवर बोअरवाला गाडीचं इंजिनही बंद करत नाही. तेव्हा भीती कायद्याची नव्हती. आपलं पाणी दुसऱ्याला कळू नये, एवढंच. सोनं आणि पाणी, दोन्ही सांगायचं नसतं असं लहानपणापासून ऐकलेलं.

मग त्या पोरानं फळ्यावर हिशेब मांडला, तो मला अजून तोंडपाठ आहे. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर चार हजार लिटर पाणी होतं. आपल्याकडं चांगल्या वर्षी पाचशे मिलिमीटर धरू. म्हणजे एकरी वीस लाख लिटर. पाटानं पाणी दिलेल्या उसाला वर्षाला एकरी ऐंशी लाख ते एक कोटी लिटर लागतं. म्हणजे चार-पाच एकरांवर पडलेला सगळा पाऊस, एक थेंब वाहून न जाता, एक थेंब वाफ न होता, एक एकर ऊस पिणार. आणि आपल्या काळ्या कातळात पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा जेमतेम मुरतो. समाजमंदिरात शांतता. मागनं एक जण म्हणाला, "म्हंजी आपण दुसऱ्याच्या रानातला पाऊस पितोय की बे."

तो माणूस स्वतः तीन एकर ऊसवाला.

माझी बोअर उघडी पडली ती पुढच्या उन्हाळ्यात, भिंतीमुळं. आजूबाजूच्या विहिरी महिन्यात तीन-चार फूट उतरल्या, आणि आमच्या तात्यांची, म्हणजे चुलत्यांची, एकदम अकरा फूट. पोरगा फळ्यापुढं उभा राहून विचारतोय, "तात्या, तुमचं विहीर एवढं का उतरलं ओ? शेजारी कोण उपसतंय?" तात्या खाली बघून तंबाखू मळत होते. मीही खाली बघत होतो. बराच वेळ गेला. मग तात्यांनी तंबाखूला शेवटची थाप मारली आणि शांतपणे म्हणाले, "आमचा सायेब एक बोअर इसरलाय बगा सांगायला."

सगळा हॉल हसला. रात्रीची थ्री फेज आली की माझी मोटर सुरू होते हे तात्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दोनशे पावलांवर तर त्यांची विहीर. वर्षभर बोलले नव्हते. भावकीत कोर्ट होतं, मारामारी होते, पण असं तोंडावर, चारचौघांत, हसत सांगायला जागाच नसते. ती जागा त्या बैठकीनं करून दिली.

नंतर त्या पोरानं सांगितलं ते मला शहरात राहून, शिकूनही माहीत नव्हतं. बोअरला केसिंग, म्हणजे कडेचा पाइप, वरच्या मातीपुरतं असतं, खाली उघडा कातळ. विहिरीला पुरवणारे वरचे झरे बोअरच्या नळीतून खाली उतरतात. म्हणजे मोटर बंद असली तरी माझी बोअर तात्यांची विहीर पीत होती. मला वाटायचं मी खोलचं, कुणाचंच नसलेलं पाणी काढतोय.

तोडगा निघायला तीन बैठका लागल्या. मार्च ते मे दुसरी बोअर बंद, आणि तेवढे दिवस माझ्या पाऊण एकर डाळिंबाला ठिबकचं पाणी तात्यांच्या विहिरीतून. लाइट बिल अर्धं-अर्धं. डाळिंबवाल्याला पाणी तोडायची सवय असतेच म्हणा, बहार धरायला आपण झाडाला मुद्दाम ताण देतो. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचे लोकही हेच सांगत असतात की झाडं पाण्यावाचून मरतात त्यापेक्षा जास्त पाण्यानं बिघडतात. तरी पहिल्या मार्चमध्ये मोटरची पेटी बंद करून किल्ली तात्यांच्या हातात देताना माझा हात जड झाला होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पाण्याच्या कामाला पैसा द्यायचा म्हटलं की देणाऱ्याला दिसणारं काहीतरी हवं असतं. जेसीबी, नारळ, फीत. नाहीतर शेततळं, निळा कागद, वरून ड्रोनचा फोटो. शेततळ्याला माझा विरोध नाही, पण आमच्या भागातली निम्मी शेततळी पावसानं भरतच नाहीत, बोअरनं भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढायचं, एकाच्या कागदावर ओतायचं आणि उन्हात वाळवायचं, आणि याला पुन्हा जलसंधारण म्हणायचं.

खोदकाम वाईट असं मी म्हणत नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, 2019 साली आपल्याच बार्शी तालुक्यातलं सुर्डी राज्यात पहिलं आलं, भर उन्हाळ्यात लोकांनी घाम गाळला. त्याला नावं ठेवणारा मी कोण. पण त्याच संस्थेनं पुढं 2022 पासून फार्मर कप सुरू केला, आणि त्यात गुण गटशेतीला. पाणी अडवून झाल्यावर ते वापरायचं कसं यावर माणसं एकत्र बसली नाहीत तर अडवलेलंही एका उन्हाळ्यात संपतं, हे त्यांनाही दिसलंच असणार. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा तर सगळा जोर नियमांवर होता: माणशी अर्धा एकराचं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस लावायचा नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. शेवटचा नियम पुन्हा वाचा. आज कुठल्या गावात हा ठराव मांडायची कुणाची छाती आहे? आमच्या गावात तर नाही, आणि मीही हात वर केला नसता.

आमच्याकडं पाच वर्षांत झालं ते या नियमांच्या मानानं फारच थोडं. ऊस गेला नाही. पाच जणांनी ठिबक केलं, दोघांनी मोडून ज्वारी-हरभरा केला, त्यातल्या एकानं पुन्हा ऊस लावला कारण पोरीचं लग्न आणि कारखान्याचं बिल एकदम येतं. सारायंत्र, म्हणजे ट्रॅक्टरमागं वाफे पाडायचं अवजार, मात्र गटानं घेतलं. रब्बीच्या रानात पावसाळ्यात वाफे पाडून पाणी जागेवर जिरवायचं, यात नवीन काही नाही, सोलापूरच्या कोरडवाहू केंद्रात 1933 पासून यावर काम चालू आहे. पण ट्रॅक्टर एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, आणि वाफसा सगळ्यांना एकाच आठवड्यात, म्हणून कुणी करत नव्हतं. आता पाळी लावून बेचाळीस एकरांवर होतं. ज्वारीच्या कणसात फरक दिसतो, हुरड्याला या, दाखवतो. मधे यंत्राच्या डिझेलवरून भांडण होऊन गट आठ महिने बंदही होता, तेही सांगून ठेवतो.

आणि बैठकीची वेळ. पहिल्या वर्षी रात्री आठला असायची, म्हणजे बायका चुलीपुढं. एकदा दुपारी तीनला ठेवली आणि भिंतीवर पंधरावी विहीर वाढली, पिण्याच्या पाण्याचा आड. तोवर आमच्या ताळेबंदात माणसं पाणी पितात हेच धरलेलं नव्हतं.

यातलं कंपनीच्या अहवालात काय लिहायचं? त्या पोराला दर वर्षी 'किती लिटर पाणी वाचलं' हा रकाना भरावा लागायचा. एकदा माझ्यासमोर भरला. आकडा टाकला, खोडला, दुसरा टाकला, आणि म्हणाला, "काका, विहीर खोटं बोलत नाही, फॉर्म बोलतंय." त्याचा पगार मात्र देणाऱ्यांच्या हिशेबात 'वरखर्च'. जेसीबीचं तासाचं भाडं हे काम, आणि पाच वर्षं दर गुरुवारी येणारा, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हे ठाऊक असलेला माणूस म्हणजे वरखर्च!

शहरातल्यांना वाटेल हे गावाचं गाऱ्हाणं आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती, आठवतं? साधारण 117 टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यातलं 63 मृतसाठ्यात, म्हणजे शून्य टक्क्याच्या खाली, आणि आपण तोच मृतसाठा खात होतो. मग ऑगस्टमध्ये धरण भरलं आणि आपण विसरलो. आपल्या नळासाठी वर्षानुवर्षं धरणातून नदीत पाणी सोडायचं, ते शंभरावर किलोमीटर वाहत औज बंधाऱ्यात यायचं, तिथून टाकळीला उचलायचं. वाटेत किती मोटरी ते पाणी उचलत याची भिंत कुठं रंगवलेली नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं गोळा करून तळं खोदलं म्हणून आपण गड्ड्याला, त्यांच्या यात्रेला जातो, तळ्याकाठी भजी खातो. दर महिन्याला त्या तळ्याची पातळी कुणी मोजतं का, हे मी आजवर कधी विचारलेलं नाही.

संस्थेचा निधी या मार्चला संपला. पोरगा गावाकडं गेला, जाताना टेप माझ्याकडं देऊन गेला. एप्रिलचे आकडे मी आणि तात्यांच्या नातवानं घेतले, आडाचे आणि चौदातल्या अकरा विहिरींचे, तिघांनी 'आता कशाला' म्हणून विहिरीवर येऊ दिलं नाही. मे महिन्यात लग्नसराई आणि ऑफिसात सुट्टी नाही, त्यामुळं रकाना रिकामा. टेप पडवीत खुंटीला आहे.

काल रात्री तात्यांचा फोन. "सायेब, येताय का न्हाई? माझी हीर किती गेली कळंना झालंय. आणि तुमची किल्ली हितंच हाय, काळजी करू नका."

शनिवारी जातोय.