केळीचा कोंब आणि कातडीची पेशी: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, पक्व पेशी पुन्हा भ्रूणासारख्या अवस्थेत नेण्यावरच्या लेखाला तुम्ही रावेरहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप तीन. टिश्यू कल्चरची केळी अख्खा खान्देश लावतो, मग त्याच कामाचं जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाकांना नोबेल कशाला? केळीची लाखो रोपं निघतात, तर माणसाचं यकृत का निघत नाही? आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पोरांना याचा उपयोग काय? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, पण पहिला सुटल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

लॅबमध्ये मुनवा (केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू) आला की मुळं तासतात, वरचे पदर एकेक करून सोलतात आणि आतला लहानसा कोंब उरवतात. तो निर्जंतुक करून माध्यमावर ठेवतात. माध्यमात लिटरला ३० ग्रॅम साखर आणि साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम बीएपी हे संप्रेरक असतं. कोंबाच्या टोकाला जो वाढबिंदू असतो, त्यातल्या पेशी मुळात कधी पक्व झालेल्याच नसतात. बीएपीमुळे शेंड्याचा दाब सुटतो आणि बाजूचे डोळे फुटतात. म्हणजे इथे जुनी पेशी तरुण होत नाही. तरुण होती तीच वाढते. काही कोंब मात्र आजूबाजूच्या, थोड्या पुढे गेलेल्या पेशींतूनही फुटतात. ठेंगणी, पान बिघडलेली रोपं निघण्याचा धोका अशा कोंबांत जास्त. कोंब तोडून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या वाढल्या की तो आणखी वाढतो, म्हणून चांगल्या लॅब सात-आठ फेऱ्यांवर थांबतात आणि नवा मुनवा घेतात.

वनस्पतींत पक्व पेशीचं खरोखर मागे फिरणंही, म्हणजे पुन्हा भ्रूणासारखं होणंही, घडतं. १९५८ साली स्टीवर्ड यांनी गाजराच्या पक्व पेशींपासून पूर्ण रोप उभं केलं. तिथे संप्रेरकं आणि पोषण जुळवून काम भागलं. प्राण्यांच्या पेशीत ते भागत नाही. १९६२ मध्ये गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि काही अंड्यांतून पिल्लं वाढली. पक्व पेशीतली माहिती शाबूत असते, हे तेव्हाच कळलं. पण त्याला अंडं लागत होतं. यामानाका आणि ताकाहाशी यांनी २००६ मध्ये २४ जनुकांपासून सुरुवात केली, एकेक वगळून पाहिलं आणि ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक या चारांवर उंदराची पेशी अंड्याशिवाय मागे फिरवली. २०१२ चं नोबेल गर्डन आणि यामानाका या दोघांना मिळून आहे.

आता प्रत्यक्ष काम. कातडीचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यातून फायब्रोब्लास्ट (कातडीला आधार देणाऱ्या पेशी) वाढवतात. पेशी फार वेळा नव्या प्लेटांत वाटून वाढवलेल्या नकोत. थकलेल्या पेशींत पी-५३ हे राखणदार प्रथिन जागं होतं आणि पेशी मागे फिरण्याआधीच तिचं विभाजन थांबवतं. सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणात दोन ते तीन लाख पेशी झाल्या की सेंडाय विषाणूतून वरची चार जनुकं आत सोडतात. हा विषाणू आरएनएचा, पेशीच्या डीएनएत घुसत नाही, म्हणून डीएनएत घुसणाऱ्या जुन्या रेट्रोव्हायरसपेक्षा बरा. सातव्या दिवशी पेशी उचलून व्हिट्रोनेक्टिन या पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा थर दिलेल्या प्लेटवर पसरतात, आठव्या दिवशी माध्यम बदलतात, पुढे रोज ताजं माध्यम. दाट पेरल्या तर न बदललेले फायब्रोब्लास्ट सगळी जागा व्यापतात आणि वसाहती गुदमरतात.

दोन आठवड्यांच्या सुमारास मागे फिरलेल्या पेशींच्या वसाहती दिसू लागतात, पण सगळ्याच खऱ्या नसतात. खरी वसाहत सपाट, घट्ट, कडा रेखीव; पेशीत केंद्रकच मोठं दिसतं. ढिली, ढिगासारखी वर आलेली असेल तर ती बहुधा अर्धवट बदललेली, ती टाकायची. उचललेली वसाहत नव्या प्लेटांत वाटताना पेशी सुट्ट्या केल्या तर पटापट मरतात, म्हणून पेशींची पकड सैल करणाऱ्या ०.५ मिलिमोलर ईडीटीएने लहान गुच्छ सोडवतात, किंवा सुट्ट्या पेशींना जगवणारं रॉक इनहिबिटर २४ तास देतात. साधारण दहाव्या वाटपाच्या सुमारास विषाणू निघून गेला का, ते पीसीआरने तपासायचं. गुणसूत्रंही तपासायची, आणि इथे बरेच जण फसतात. २० व्या गुणसूत्रावरचा एक लहान तुकडा दुप्पट झालेला असला, तर तो बदल गुणसूत्रं रंगवून पट्टे पाहण्याच्या नेहमीच्या तपासणीत सुटतो. तो असलेल्या पेशी मरत कमी आणि वाढत जास्त, म्हणून चांगल्या पेशींना मागे टाकून सगळी प्लेट व्यापतात.

एवढं करून २००७ मध्ये माणसाच्या ५०,००० पेशींमागे सुमारे दहाच वसाहती मिळाल्या होत्या. केळीच्या फायद्याचं गणित इथे लावू नका.

यकृताचं उत्तर थोडक्यात. केळीचा कोंब स्वतःच मूळ-पान काढतो. मागे फिरवलेल्या पेशी काहीही होऊ शकतात, पण अवयवाचा आराखडा, रक्तवाहिन्या, सगळं बाहेरून द्यावं लागतं. शिवाय न बदललेल्या थोड्या पेशी उरल्या तरी शरीरात टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. म्हणूनच जपानात २०१४ मध्ये पहिला उपचार डोळ्याच्या पडद्यामागच्या पातळ थरापुरताच केला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा तो थांबवला.

आता सिकलसेल. याच आजारावर २००७ मध्ये उंदरांत प्रयोग झाला. शेपटीची पेशी मागे फिरवली, बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं, रक्ताच्या पेशी घडवून त्याच उंदरांना दिल्या आणि आजार हटला. माणसात गाडी इथे अडते, कारण अस्थिमज्जेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या रक्तमूळपेशी मागे फिरवलेल्या पेशींपासून घडवणं अजून कठीण आहे. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचाराने हा टप्पाच वगळला. त्यात रुग्णाच्या रक्तमूळपेशी काढून त्यांच्या जनुकात बदल करतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. बदललेल्या पेशी परत देण्याआधी जड केमोथेरपी लागते आणि खर्च अवाढव्य आहे. धडगावच्या पोराला आज हायड्रॉक्सियुरिया हे त्रास कमी करणारं औषध आणि वेळेवर तपासणी हाच आधार आहे. आई-बाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी आपल्याकडे आजच हाताशी आहे.

आणि कोणी तुमच्या भागात सिकलसेलवर 'स्टेम सेलची सुई' विकत असेल, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना पाहा. रक्ताच्या ठराविक आजारांवर रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीतच चालतं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.