खुलासा : पैसा आला की अरब देशांत लोकशाही आपोआप येते, हे खरे नाही

‘अरब देश श्रीमंत झाले की तिथे लोकशाही येणारच’ असा दावा सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कतार दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक, पण सत्ता अमीरांच्याच, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत राज्यकर्त्यांच्याच हाती. उलट 2011 मध्ये हुकूमशहा बेन अली यांची राजवट उलथून लोकशाही आली ती ट्युनिशियात, जिथे तेलाची श्रीमंती नव्हती आणि शिकलेली तरुण मुले बेकार होती. तिथे 1946 पासूनची भक्कम कामगार संघटना होती. राजवट उलथल्यानंतरचा राजकीय पेच सोडवायला तीच पुढे आली, आणि 2015 चे शांततेचे नोबेल मिळालेल्या चार संस्थांत तिचाही समावेश होता. ही गोष्ट दाव्यात कुठेच नाही, याचे मला फार वाईट वाटते.

‘तेल असेल तिथे संसद टिकतच नाही’ हा उलटा दावाही अर्धवट आहे. तेलसंपन्न कुवेतमध्ये 1963 पासून निवडून आलेली संसद होती, मंत्र्यांना जाब विचारणारी. मात्र ती अनेकदा बरखास्त झाली. मे 2024 मध्ये अमीरांनी पुन्हा तेच केले. तेलाची श्रीमंती नसलेल्या ट्युनिशियातही राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी जुलै 2021 मध्ये संसद स्थगित केली, तेव्हा लोक आर्थिक हलाखीने त्रासलेले होते.