उणे अठरा अंशांतला सातारा

साताऱ्यात माणूस आजारी पडला तर लोक निदान काय होतंय ते विचारतात. गाडीची बॅटरी बसली तर विचारत कुणी नाही, थेट सांगायलाच लागतात. आमच्या थारची बॅटरी बसली त्या सकाळी सुरुवात दूधवाल्यापासून झाली. त्याचं म्हणणं, ट्रॅक्टरची टाका, विषय संपला.

गाडी जुन्या पिढीची, २०२० च्या आधीची, डिझेल, कराडहून सेकंडहँड घेतलेली. दुरुस्तीच्या वेळी ती माझी असते. डोंगरात न्यायच्या वेळी ती मेहुण्याची असते. एरवी ती शाहूपुरीत आमच्या दारात उभी असते आणि शेजारची मांजरं तिच्या बॉनेटवर ऊन खातात.

पहिला उपाय अर्थातच धक्का. आमची गल्ली उताराची, त्यामुळे धक्क्याला माणसं हौसेनं येतात. गाडी सुटली की नुसतं मागे पळायचं असतं. ‘सेकंड टाका, क्लच सोडा!’ असा गजर करत सगळी मंडळी खालच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. क्लच सोडला की गाडी आचके द्यायची, चालू काही होईना. जुन्या जीपला एवढा उतार पुरायचा, कारण तिचा डिझेल पंप इंजिनाच्या फिरण्यावरच काम करायचा. आमच्या गाडीचं इंजिन कॉमन रेल, त्यात डिझेल कधी आणि किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, इंजेक्टर उघडायलाही वीज लागते, आणि बॅटरी पार मेलेली असली तर कॉम्प्युटरलाच जाग येत नाही. हे सगळं मला नानांनी समजावून सांगितलं, गिरणीपाशी पोचल्यावर. त्यांना ते वर असतानाही माहीत होतं. “पण पोरं एवढी जोशात होती, म्हटलं कशाला मोडता घाला,” म्हणाले. चढावर गाडी परत ढकलायची वेळ आली तेव्हा निम्म्या पोरांना क्लासची आठवण झाली.

नाना वीज बोर्डातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे मल्टीमीटर आहे, बॅटरीचा चार्जर आहे, आणि दोन्ही वापरायला मिळावीत अशी त्यांची गल्लीकडून माफक अपेक्षा असते. बॅटरी रात्रभर त्यांच्या पडवीत चार्जिंगला लागली. सकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं, मुलासकट.

“बॅटरीत सेल किती?”

“सहा.”

“भरलेला एक सेल २.१ व्होल्टचा. सहा किती झाले?”

“१२.६.”

“आणि इथं किती दिसतंय?”

“१०.५.”

“मग?”

“एक गेला,” मुलगा म्हणाला. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बॅटरी वारल्याचा आनंद एवढ्या मोकळेपणानं व्यक्त झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

खरी परीक्षा यानंतर सुरू झाली, कारण नवी घ्यायची तर कुठली? हिरव्या बॅटरीवाले आणि लाल बॅटरीवाले असे दोन पंथ आमच्या गल्लीत पूर्वापार आहेत आणि त्यांच्यात लग्नं होतात हेच नवल. गंमत म्हणजे आत दोन्हीकडे तेच: शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं ही शिशाची बॅटरी १८५९ साली बनवली, म्हणजे आमचं सातारचं राज्य खालसा होऊन अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून रसायन बदललेलं नाही. पंथ मात्र वाढले.

मेहुण्याचा फोन आला तो तिसऱ्याच पंथातून. “दाजी, साधी घेऊच नका. एजीएम घ्या.” एजीएम म्हणजे अ‍ॅसिड मोकळं न ठेवता काचेच्या बारीक तंतूंच्या चटईत शोषून घेतलेली बॅटरी. गाडी कलंडली तरी सांडत नाही, प्लेटा घट्ट दाबून बसवलेल्या असल्यानं धक्केही सोसते. किंमत साधारण दुप्पट. ऐकून घेण्यासारखं होतं. पण मेहुणा ऐकवायचा थांबेना. पुढे विंच आला, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र. चिखलातून गाडी ओढताना विंचवर पूर्ण ताण आला की तो चारशेच्या आसपास अँपिअर खेचतो, इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर त्याच्या पासंगालाही पुरत नाही, सगळा भार बॅटरीवर. म्हणून दुसरी बॅटरी. दोन बॅटऱ्या म्हणून मध्ये आयसोलेटर, एकीनं दुसरीला रिकामं करू नये यासाठी. मग एवढी वीज आहेच तर छोटा फ्रिज. लिथियमचंही निघालं; वजन निम्म्याहून कमी भरतं, पण बॉनेटखालची धग तिला मानवत नाही, असं त्याचं त्यानंच सांगून टाकलं आणि तेवढे पैसे वाचले.

“हे सगळं घेऊन जायचं कुठं?” बायकोनं फोन स्पीकरवर आहे याचा फायदा घेतला.

कासला पठारावर गाडी घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०१२ पासून जागतिक वारसा आहे तो. राहिलं चाळकेवाडी, ठोसेघर, फार तर बामणोली. तिथं एसटी जाते. एसटीला विंच नसतो, हे बायकोनं मेहुण्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, शांतपणे सांगितलं.

दुकान पोवई नाक्याच्या पुढे. दुकानदार माणूस गोड. “सर, ही घ्या, हिचा सीसीए बघा.” बॅटरीवर छापलेला हा आकडा मी आजवर कधी वाचला नव्हता. कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात बॅटरी ३० सेकंद किती अँपिअर देऊ शकते, आणि तेवढं देताना ७.२ व्होल्टच्या खाली उतरत नाही, त्याचं हे माप. उणे १८! महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर दवबिंदू गोठले तर आमच्याकडे पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो. साताऱ्यात उणे १८ झालं तर गाडी चालू होते का हे बघायला बाहेर कोण येणार? तरी दुकानदार दोन बॅटऱ्यांमधला शंभराचा फरक असा समजावून सांगत होता, की मला अंगावर काही घ्यावंसं वाटलं. दुकानात पंखा पाचवर होता.

खरं तर आपल्याकडे बॅटरीचा वैरी थंडी नाहीच, उन्हाळा आहे. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. आणि आमचा एप्रिल चाळिशीकडे सरकतो. पण ‘उन्हात किती टिकेल’ याचा आकडा काही ठळक अक्षरांत छापलेला दिसला नाही.

वॉरंटीही अशीच. “४८ महिने, सर!” त्यातले पहिले २४ फुकट बदलून, पुढचे २४ प्रो-राटा. प्रो-राटा म्हणजे बॅटरी जितकी म्हातारी तितकी सूट कमी. शेवटच्या महिन्यात गेली तर चहापुरते सुटतील. तयार केल्याची तारीख बघायची म्हटलं, तर ती अंक आणि अक्षरं मिसळून अशी कोरलेली की आमच्याकडचा मोडी वाचणाराही हात टेकेल. “फ्रेश माल आहे,” दुकानदार म्हणाला. ताजी भाजी विकणाराही हेच म्हणतो, पण तिथं निदान देठ बघता येतो.

जास्त अँपिअरची टाकली तर सेल्फ जळेल, हे गल्लीतलं आणखी एक ठाम मत. तसं काही होत नाही. सेल्फ आपल्याला लागते तेवढीच वीज घेतो. अडचण वेगळीच असते. मोठी बॅटरी ट्रेमध्ये मावत नाही, आणि मावली तर टर्मिनल उलट्या बाजूला निघतात. दुकानदाराच्या पोऱ्यानं आणलेली पहिली बॅटरी तशीच निघाली. पॉझिटिव्हची केबल ताणून ताणून पोऱ्या लालबुंद झाला. चार बोटं कमीच पडली.

शेवटी वायरमनला घरी बोलावलं. तो बिडी ओढतच बॉनेटमध्ये वाकला. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो हे नाना अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले. जवळ यायला तयार नव्हते. वायरमननं बिडी विझवली आणि कानावर ठेवली. मग तो बराच वेळ काही बोलला नाही, म्हणून आम्ही सगळे वाकलो.

बॅटरीच्या ट्रेवर पट्टीच नव्हती. जी लोखंडी पट्टी बॅटरीला वरून आवळून धरते, तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन गाठी मारलेला, वाळून चिरा पडलेला. टर्मिनलवर हिरवट पांढरा फुलोरा होता तो वेगळाच. त्यासाठी गरम पाणी आणि खायचा सोडा लागला, आणि रविवारचा ढोकळा रद्द झाला.

“साहेब, बॅटरी नाचत हुती की ओ. नाचून नाचून प्लेटंचा मसाला खाली पडला, साचला, आन् सेल शॉर्ट.”

“पट्टी कुठंय?”

“कराडलाच ऱ्हाईली आसंल.”

एजीएम, लिथियम, आयसोलेटर, उणे अठरा अंश. आणि वाकून कुणी पाहिलं नव्हतं. नानांनी मात्र हार मानली नाही. “ते एक कारण. दुसरं, गाडी उभी किती असते! बंद गाडीतही घड्याळ, रिमोट लॉक, कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअर खातात असं धरा. दिवसाला १.२ अँपिअर-तास. महिन्यात ३६. पासष्टची बॅटरी निम्म्याच्या खाली! आणि तशी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं, मग चार्जरचा बापही उतरवू शकत नाही.” यावर बायकोनं माझ्याकडे नव्हे, मांजरांकडे बघितलं.

तर घेतली ती साधीच, मेंटेनन्स फ्री, ट्रेमध्ये जाईल तेवढी मोठी, टर्मिनल सुलट. पट्टी जुन्या बाजारातून, दोन प्लेट मिसळीच्या पैशांत. वायरमननं जुनी काढताना निगेटिव्ह आधी सोडली, नवी बसवताना शेवटी जोडली. पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडू नये म्हणून. पट्टी आवळून त्यानं बॅटरी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. सेल्फ मारला, गाडी एका दमात चालू झाली, मांजरं पळाली.

मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला ठीक आहे, निदान गाणी तरी लावा. तेव्हा लक्षात आलं, बॅटरी काढल्यामुळे टेप बंद पडलाय आणि चार आकडी कोड मागतोय. कोड कराडवाल्याकडे. नाना म्हणतात ०००० टाकून बघा, वायरमन म्हणतो १२३४, आणि दूधवाल्याचं म्हणणं, ट्रॅक्टरचा टेप टाका.